पुण्यश्लोक आणि महत्त्वाकांक्षी

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासातील दोन कालखंड दोन राण्यांच्या नावांनी ओळखले जातात. एक एलिझाबेथचा (१५५८-१६०३), दुसरा व्हिक्टोरियाचा (१८३७-१९०१). आमच्या महाविद्यालयातील इंग्रजीचे सहकारी 'एलिझाबेथन' आणि 'व्हिक्टोरियन' हे शब्द इतक्या सहजतेने उच्चारतात, की त्यांमागे दोन बायका आहेत याचे भानही राहत नाही. आम्ही मराठीचे अध्यापक यादवकाल, शिवकाल, पेशवेकाल अशा पायऱ्यांनी विद्यार्थ्यांना खाली उतरवतो. त्या पायऱ्यांवर बाईच्या नावाची एकही नाही. औरंगजेबाशी झुंजणाऱ्या ताराबाईंची सात वर्षे 'शिवोत्तर काळ' या संदिग्ध शब्दात जिरून जातात, आणि अहिल्याबाईंची अठ्ठावीस वर्षे पेशवेकालात.

नाव दिले म्हणजे न्याय दिला असे नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. पण नाव न देण्याचीही काही कारणे असतात. ती शोधण्याची वेळ आमच्यावर एका विद्यार्थिनीने आणली.

घाटनांदूरच्या स्थानकातून गाडी परळीकडे जाते. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे आमच्या भागात लहान मुलासही ठाऊक असते. त्यांचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यात, म्हणजे बीड जिल्ह्याच्या शिवेलगत. त्यामुळे अहिल्याबाईंवर निबंध लिहावयास सांगितले की मुलांची लेखणी अडत नाही. ताराबाईंवरचा निबंध मात्र अर्ध्या पानात आटोपतो आणि त्यात एक शब्द हमखास येतो : 'महत्त्वाकांक्षी'. एकदा वर्गात ही तुलना चालू असताना मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, महत्त्वाकांक्षा शाहूंचीही होती ना? मग तो शब्द फक्त ताराबाईंनाच का?"

आम्ही त्या वेळी काहीतरी सारवासारव केली. खरे म्हणजे वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासताना त्या शब्दाखाली आम्ही कधी लाल रेघ ओढली नव्हती, 'साध्वी' या शब्दाखालीही नव्हती.

आता घटना पाहू. राजारामांचे निधन १७०० च्या मार्चमध्ये झाले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही कन्या. लहानग्या शिवाजीस गादीवर बसवून तिने कारभार हाती घेतला. वृद्ध बादशहा स्वतः एकेका किल्ल्यापुढे तळ देऊन बसला होता. साताऱ्यासारखे किल्ले गेले, त्यांतले काही परत आले. दरम्यान नेमाजी शिंद्यांसारखे सरदार नर्मदा ओलांडून माळव्यात शिरले. युद्ध दक्षिणेत चालू असताना त्याची झळ बादशाही मुलखाला लावायची, हे त्या वर्षांचे धोरण होते. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार, ताराबाईंचा स्तुतिपाठक नव्हे, पण त्यानेही तिच्या कारभाराची आणि फौजेवरील हुकमतीची कबुली दिली आहे. १७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब अहमदनगरास मरण पावला, तो दक्षिण न जिंकताच. ज्या माळव्यात पुढे होळकरांची दौलत उभी राहिली, त्या माळव्याची वाट ताराबाईंच्या अमदानीतही तुडवली जात होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

ताराबाईंचे उत्तरायुष्य अवघड आहे. शाहूंशी वारसाचा तंटा, कोल्हापूरची वेगळी गादी, १७१४ मध्ये घरातूनच झालेली उचलबांगडी आणि कैद. १७४९ अखेर शाहू गेल्यावर नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजास तिने पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या किल्ल्यावर अटकेत टाकले. नंतर तो आपला नातूच नव्हे, असे जेजुरीस शपथेवर सांगितले. या प्रकरणाने छत्रपतींच्या गादीचे तेज गेले आणि पेशव्यांचा हात बळकट झाला. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. ताराबाईंना देवी करून त्यांच्या चुका पोटात घालाव्यात, असे आमचे म्हणणे नाही.

पण याच ठिकाणी एलिझाबेथ आठवते. तिनेही आपली आप्त असलेल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीस जवळजवळ एकोणीस वर्षे नजरकैदेत ठेवले आणि १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद होऊ दिला. इंग्रजांनी हे लपविले नाही, त्यावर नाटके लिहिली, वाद घातले. तरीही एलिझाबेथचा काळ तिच्याच नावाने राहिला. एका कैदेवरून सारी कारकीर्द मोजण्याची घाई तेथे झाली नाही. ताराबाईंच्या बाबतीत मात्र १७५० ची कैद आधी आठवते आणि १७०० ते १७०७ ची झुंज मागाहून, तीही आठवली तर.

अहिल्याबाईंवर अन्याय झाला आहे, असे म्हटले तर अनेकांस नवल वाटेल. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले, २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले. काशी, सोमनाथ, गया, वेरूळ येथे त्यांच्या बांधकामाच्या खुणा आहेत. पण या दगडी वारशाआड राज्य चालविणारी बाई दिसेनाशी झाली आहे. सासरे मल्हारराव त्यांना ग्वाल्हेरीस तोफखान्याची आणि दारूगोळ्याची व्यवस्था पाहावयास लिहितात, ते पत्र आमच्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. १७६७ साली पुत्र मालेराव गेल्यावर त्यांच्याच दिवाणाच्या, गंगोबा चंद्रचूडांच्या सल्ल्याने राघोबादादा फौज घेऊन आले. तेव्हा अहिल्याबाईंनी इतर सरदारांना पत्रे धाडली, लढाईची तयारी केली आणि माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळविला. हे पूजापाठाचे काम नव्हते, राजकारण होते. देवळे, घाट आणि धर्मशाळा यांचा खर्चही मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून झाला. होळकरांकडे खासगी आणि दौलत असे दोन वेगळे हिशेब होते. १७३४ पासून चालत आलेली ती खासगी अहिल्याबाईंनी काटेकोरपणे सांभाळली. त्यांच्या दातृत्वामागे ही हिशेबाची वही आहे. आम्ही दातृत्व शिकवितो, वही शिकवीत नाही.

म्हणजे दोघींचे नुकसान एकाच रीतीने झाले आहे. मोरोपंतांच्या आर्येने अहिल्याबाईंना देवत्व दिले. देवदत्ताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या काव्याने ताराबाईंना कोपलेल्या कालीचे रूप दिले. कवींनी आपल्या काळच्या रीतीने गौरव केला, त्यांना दोष का द्यावा? दोष आमचा, कारण आम्ही त्या प्रतिमांपाशीच थांबलो. एक शांत देवी, एक उग्र देवी. राज्यकर्ती म्हणून विचार करावयाचा राहून गेला. त्यातही शांत देवी सर्वांना सोयीची : तिने सत्ता मागितली नाही, ती अंगावर आली म्हणून सांभाळली, असे सांगता येते. ताराबाईंनी सत्ता मागितली, आणि ते आमच्याने पचत नाही.

डॉ. जयसिंगराव पवारांचे ताराबाईंवरील लेखन आणि विनया खडपेकरांचे 'ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर' ही पुस्तके ग्रंथालयात आहेत. साधने नाहीत, ही सबब आम्हांस उरलेली नाही.

हा प्रश्न इतिहासापुरता असता तर आम्ही तो इतिहास विभागाकडे सोपविला असता. पण महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आमच्या वर्गातील मुलींपैकी काही उद्या सरपंच होतील. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर नवरा किंवा दीर बसून कारभार हाकील, हेही खेड्यापाड्यांत नवे नाही. अशा मुलीने कागद स्वतः वाचला, सही करण्याआधी चार प्रश्न विचारले, पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभी राहिली, तर गाव तिला काय म्हणेल? साध्वी तर खासच म्हणणार नाही. जो शब्द ते वापरील तो आमच्या उत्तरपत्रिकांतूनच गेलेला असेल.

दोन राण्यांत थोर कोण, हा वक्तृत्व स्पर्धेचा विषय आहे. तो आम्हांस सोडवावयाचा नाही. ताराबाई १७६१ च्या डिसेंबरात वारल्या, पानिपताच्या वर्षीच. तेव्हा अहिल्याबाई छत्तीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचा कारभार सुरू व्हावयास अद्याप सहा वर्षे होती. एकीच्या हयातीत दुसरी घडत होती. दोघींना एकाच फुटपट्टीने मोजावे, एवढीच आमची मागणी आहे : कर, न्याय, फौज, चुका आणि हिशेब. ती फुटपट्टी पुरुष राज्यकर्त्यांसाठी आमच्याकडे आहेच.

त्या मुलीस आम्ही दिलेले उत्तर चुकीचे होते. होय, महत्त्वाकांक्षा शाहूंनाही होती, राघोबादादांना होती आणि अहिल्याबाईंनाही होती. यंदापासून 'महत्त्वाकांक्षी' या शब्दाखाली आम्ही रेघ ओढणार आहोत आणि समासात लिहिणार आहोत : "मग?"