मडक्यातला नाग

या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'मला काय वाटते' हा विषय दिला. वर्गातल्या पुष्कळ मुलांनी झाडे लावा, पाणी वाचवा असे लिहिले आहे. मी नागावर लिहिते. माझ्या मामाला हे आवडणार नाही. पण तो पालकसभेला येत नाही. (आई येणार आहे.)

आमचे गाव कराड तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात. आईचे माहेर सांगली जिल्ह्यात, बत्तीस शिराळ्याच्या जवळ. शिराळ्याची नागपंचमी साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दुसरीकडे मातीचा नाग पुजतात, तिथे जिवंत नाग पुजायचे. आजोळची आजी सांगते की, गोरखनाथांनी एका बाईला विचारले, मातीचा नाग पुजतेस, जिवंत पुजशील का? तेव्हापासून ही चाल पडली.

पंचमीच्या आधी माणसे काठ्या घेऊन रानात जायची. नाग धरायची आणि मडक्यात घालून वर फडके बांधायची. पंचमीला अंबामातेच्या देवळाकडे मोठी मिरवणूक निघायची. कुणाचा नाग लांब, कुणाचा नाग उंच फणा काढतो याची चढाओढ लागायची. नागासमोर गाडगे हलवायचे, मग तो उभा राहायचा. बघायला परदेशातून पण माणसे यायची. नंतर जिथे धरला तिथे नाग नेऊन सोडायचे. मारायचे नाहीत. हे मला फार चांगले वाटते, म्हणून आधीच लिहून ठेवते. आजोळी भिंतीवर फोटो आहे, त्यात आजोबांच्या हातात नाग आहे आणि आजोबा हसत आहेत. मी लहान होते तेव्हा तो फोटो मैत्रिणींना दाखवायची.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे नाग धरता येत नाही, त्याचा खेळ करता येत नाही. शिराळ्याचे प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले आणि जिवंत नागांची मिरवणूक बंद झाली. २०१४ पासून तर अगदी कडक झाले. आता तिथे नागाच्या प्रतिमेची पूजा करतात.

आता आमच्या गोठ्यातली गोष्ट सांगते. आषाढात संध्याकाळी म्हैस एकदम हुंदडायला लागली. दादा बघायला गेले तर पेंडीच्या पोत्यामागे नाग. दादांनी काठी घेतली. आजी म्हणाली, "देव हाय, मारू नगासा." दादा म्हणाले, "देव चावला तर म्हशीचे पैसे कोण देणार?" दादांचे पण बरोबर होते. त्या दिवशी मामा आमच्याकडे मुक्कामाला होता. त्याने दादांच्या हातातली काठी काढून घेतली आणि आम्हां सगळ्यांना दाराच्या बाहेर, लांब उभे केले. मोरीकडची वाट मोकळी ठेवली. नाग फणा काढून उभा होता आणि फुस्स फुस्स करीत होता. मी आईचा पदर घट्ट धरला होता. कुणी हालले नाही. बराच वेळ झाला. मग त्याने फणा हळूच खाली केला आणि मोरीतून ओढ्याकडे गेला. मामा म्हणाला, "त्याला फणा काढायची हौस न्हाय. भ्या वाटलं की काढतो. वाट गावली की जातो."

(मुलांनो, असा नाग दिसला तर आपण हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. मामाला सवय आहे.)

रात्री जेवताना मी मामाला विचारले, "मामा, मग चढाओढीत नागाला वाट कुठं होती?" मामाने भाकरी मोडली आणि नुसता हसला. दादा पण हसले. मला वाटते त्याच्याजवळ उत्तर नव्हते. तो उंच फणा बघून लोक टाळ्या वाजवायचे, म्हणजे जो नाग जास्त भ्यालेला त्याचा पहिला नंबर. आणि आमचे गुरुजी सांगतात की नाग दूध पीत नाही. तो उंदीर, बेडूक खातो. नागीण अंड्यांजवळ थांबून राहते. ती मडक्यात असली तर अंड्यांजवळ कोण बसणार?

सर्कशीचेही असेच झाले. आपल्या देशात सर्कस पहिल्यांदा काढली ती सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी, १८८० साली. दादांनी लहानपणी सर्कशीत सिंह बघितला होता. १९९८ साली सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. तेव्हा पण लोक म्हणाले असतील की आता मजा गेली. पण झोक्यावरची माणसे बघायला लोक अजून जातात. झोक्यावरचा माणूस पगार घेतो आणि नको असेल तर नाही म्हणतो.

मामाचे म्हणणे मात्र लिहायला पाहिजे. तो म्हणतो, "नाग धरायचा इलम मेला तर उद्या नाग दिसला की लोक काठीच घेतील." हे खरे आहे, आमच्या गोठ्यातच बघितले. २०२५ साली केंद्र सरकारने २७ ते ३१ जुलै या दिवसांत एकवीस नाग धरायची परवानगी दिली. ती ही पारंपरिक माहिती पुढच्यांना शिकवण्यापुरती होती, खेळ करायचा नाही अशी अट होती. मामा खूष झाला. मी खूष झाले नाही. कारण गोठ्यात, विहिरीत, घरात नाग पावसाळ्यात आपणहून निघतोच. शिकवायचे तर वनखात्याला सांगून तेव्हा शिकवावे. रानात आपल्या बिळात बसलेल्याला शिकवणीसाठी कशाला उठवून आणायचे? आम्हांला कुणी झोपेतून उठवले तर आम्ही किती चिडतो.

मी गुरुजींना विचारले की मामाला एक तास शाळेत बोलवू का. गुरुजी हो म्हणाले. आईच्या फोनवरून मी मामाला सांगितले, काठी आण, आजोबांचा फोटो आण, मडके पण आण, पण रिकामे आण. मामा म्हणाला, "रिकामं मडकं बघाय कोण येणार गं?" मी म्हणाले, आमचा सगळा वर्ग येईल. तो "बघू" म्हणाला आहे.

इयत्ता ४ थी