फ्लॅग आपोआप फिरला

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यासाठी आपल्या बोईसरच्या एका वाचकाने बॅचच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम हॅस्केलमध्ये लिहिला. घरच्या मशीनवर नोंदी पोस्टग्रेसमध्ये जात होत्या. कारखान्याच्या सर्व्हरवर बिल्ड केले तेव्हा एकही एरर आली नाही, नोंदी मात्र साध्या फाइलीत साठत राहिल्या. सर्व्हरवर पोस्टग्रेसचे लिबपीक्यू नव्हते. पीकेजी-कॉन्फिगला ते सापडेना, म्हणून कबालच्या सॉल्व्हरने पोस्टग्रेसचा फ्लॅग मुकाट्याने बंद केला. डिफॉल्ट ट्रू लिहिलेले असूनही!

मॅन्युअल ट्रू लिहिले नाही की फ्लॅग सॉल्व्हरच्या हाती जातो. ही सोय वेगळ्याच कामाची आहे. २०१४ साली नेटवर्क पॅकेजमधून नेटवर्क-यूआरआय वेगळे निघाले. त्याच वर्षी १ ऑगस्टला आपला पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला. पत्त्यात ‘जि. ठाणे’ असो की ‘जि. पालघर’, बोईसर तेच. तसेच २.६ च्या आधीचे नेटवर्क घ्या किंवा नंतरची दोन पॅकेजेस घ्या, यूआरआयचे मॉड्यूल तेच मिळते. तिथे फ्लॅग फिरला तर फिरू दे. नोंद डेटाबेसात जाते की नाही, हे मात्र सॉल्व्हरने ठरवायचे नाही.

लायब्ररी लिहिणाऱ्यांवर माझा राग जास्त आहे. ‘हे पॅकेज अमुक फ्लॅगसह हवे’ असे बिल्ड-डिपेंड्समध्ये लिहिताच येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. तरी फ्लॅग पाहून मॉड्यूल दाखवायचे किंवा लपवायचे, हा खेळ चालूच. उलट पॅनडॉककडे पाहा. जानेवारी २०२३ च्या ३.० मध्ये लुआ इंजिन आणि सर्व्हर ही स्वतंत्र पॅकेजेस झाली, आणि ती घ्यायची की नाही याचे फ्लॅग पॅनडॉक-सीएलआयमध्ये गेले. तिथे इफडेफची गर्दी नाही: ‘लुआ’ आणि ‘नो-लुआ’ अशा दोन डिरेक्टरी, दोन्हींत एकाच नावाचे मॉड्यूल.

मंडळी, याच आठवड्यात आपापल्या डॉट-कबाल फाइली उघडा. वागणूक बदलणारा प्रत्येक फ्लॅग मॅन्युअल करा. निवड कबाल-डॉट-प्रोजेक्टमध्ये लिहून गिटमध्ये टाका. कबाल-डॉट-प्रोजेक्ट-डॉट-लोकल या फाइलीतली निवड तुमच्या लॅपटॉपबाहेर कोणाला दिसत नाही. सीआयवर फ्लॅग चालू आणि बंद, दोन्ही बिल्ड होऊ द्या. आणि कोणत्या फ्लॅगसह बिल्ड झाले, ते प्रोग्रामने सुरू होतानाच छापावे.

बोईसरच्या मित्राने हे सगळे आता केले आहे. फाइलीतल्या नोंदी टेबलात चढवणे अजून बाकी आहे. येत्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी लॅपटॉप घेऊन या.