वेगाचा हव्यास आणि नळीचे आयुष्य

लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीत, म्हणजे ८०० ते १००० यार्डांवरच्या निशाण्यांच्या खेळात, एक समज ठाण मांडून बसला आहे. काडतूस जितके वेगवान तितके चांगले. त्यापायी बंदुकीची नळी लवकर गेली तर जाऊ द्यावी, ती मोटारीच्या टायरसारखी, झिजली की बदलायची. मराठी वाचकाला या वादाची निकड चटकन जाणवणार नाही. तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे या कोल्हापूरकरांमुळे आपल्या परिचयाची झालेली रायफल .२२ ची, पल्ला ५० मीटरचा. त्या काडतुसात दारू चिमूटभर, गोळी मऊ शिशाची, वेग ध्वनीच्या आसपास. तिथे एक नळी वर्षानुवर्षे साथ देते. १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, सगळा हिशेब बदलतो. एका नळीतून अचूक गोळ्या किती सुटणार हे तिथे काडतूस ठरवते, आणि नेमबाज त्या गोळ्यांवरच शिकत असतो. म्हणून माझे म्हणणे असे, की काडतूस निवडताना नळीचे आयुष्य आधी पाहावे आणि वेग नंतर.

झीज होते कशी, ते आधी पाहू. गोळीचे तांब्याचे वेष्टण नळीतल्या पीळदार खाचांना घासत जाते म्हणून नळी झिजते, असे सहज वाटते. पण घर्षणाचा वाटा थोडा. मुख्य मार उष्णतेचा. जळत्या दारूच्या वायूचे तापमान २५०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते, आणि पोलाद १५०० अंशांच्या आतबाहेर वितळते. नळी वितळत नाही, कारण गोळी आत असते ती जेमतेम दीड मिलिसेकंद. तेवढ्यात पृष्ठभागाचा पातळ थर भयंकर तापतो, लगेच थंड होतो. वायूतला कार्बन त्यात मुरून तो ठिसूळ होतो, भेगाळतो आणि कणाकणाने उडतो. काडतूस बसते ते चेंबर संपून खाचा सुरू होतात त्या भागाला, नेमबाजांच्या भाषेत थ्रोटला, याची सर्वांत जास्त झळ बसते. नळीच्या आत पाहण्याचा बोअरस्कोप घातला की तिथे काळपट, जाळीदार भेगा दिसतात आणि खाचांच्या कडा पुढे पुढे सरकलेल्या आढळतात. म्हणून जाणता नेमबाज ठरावीक गोळ्यांनंतर गोळीपासून खाचांपर्यंतचे अंतर मोजतो आणि काडतुसातली गोळी इंचाच्या काही हजारांशांनी बाहेर बसवत जातो. पाच हजार गोळ्या झेलणाऱ्या नळीचे प्रत्यक्ष कामाचे आयुष्य बेरजेने साडेसात सेकंद भरते, बाराशे झेलणाऱ्या नळीचे दोन सेकंदही नाही.

मग एका काडतुसाने पाच हजार आणि दुसऱ्याने बाराशे, असे का? किती दारू किती रुंद भोकातून जाते, हे त्याचे मुख्य कारण. .३०८ विंचेस्टर या काडतुसात साधारण ४५ ग्रेन दारू असते. नळीच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरला हे प्रमाण सुमारे ६१ मिलिग्रॅम पडते. ६ मिमी बीआर या छोट्या काडतुसात दारू ३० ग्रेन, प्रमाण सुमारे ६५. ६.५ क्रीडमूरचे ७७ च्या घरात. आणि १००० यार्डांवर एके काळी राज्य केलेल्या ६.५-२८४ चे ९० च्या पुढे. नेमबाजांच्या अनुभवातले आयुष्याचे ढोबळ आकडेही बहुतांशी याच क्रमाने लागतात: .३०८ चार-पाच हजार, बीआर अडीच-तीन हजार, क्रीडमूर दोन-अडीच हजार, ६.५-२८४ हजार-बाराशे. हा काही पक्का नियम नव्हे. पोलाद, दारूची जात आणि गोळ्या झाडण्याची घाई यांनी आकडे हलतात. इंग्लंडमधल्या बिझ्ले येथे एका निशाण्यावर दोघे-तिघे आळीपाळीने एकेक गोळी झाडतात, तेव्हा नळीला निवायला उसंत मिळते. वारा स्थिर आहे तोवर धडाधड वीस गोळ्या उरकणाऱ्याची नळी तेच काडतूस वापरूनही आधी जाते.

आता वेगाच्या बाजूने केला जाणारा मुख्य दावा तपासू. वेगवान गोळी वाऱ्याने कमी सरकते, हे खरे. पण सरकण्याचे माप केवळ वेगावर ठरत नाही. हवेच्या अडथळ्यामुळे गोळीला निशाण्यापर्यंत जायला जो जास्तीचा वेळ लागतो, त्यावर ते ठरते. म्हणून ७ मिमीची १८० ग्रेनची लांबट, निमुळती गोळी .३०८ च्या १५५ ग्रेनच्या गोळीपेक्षा हळू निघूनही १००० यार्डांवर बरीच कमी सरकते. हा फायदा गोळीच्या आकाराचा आणि वजनाचा आहे. तीच ७ मिमीची गोळी जास्त दारू भरून सेकंदाला आणखी १०० फूट वेगाने सोडली तर? ताशी एक मैलाच्या आडव्या वाऱ्यात ती सुमारे सहा इंच सरकत होती. आता त्यात अर्ध्या इंचाचाही फरक पडत नाही. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या प्रकारात १००० यार्डांवरच्या निशाण्याचे सर्वोच्च गुणांचे वर्तुळ दहा इंच व्यासाचे आहे. वारा तीन मैलांनी चुकवणारा नेमबाज दोन्ही वेळा त्याच्या बाहेरच जाणार. एवढ्याशा लाभासाठी नळीच्या शेकडो गोळ्या उधळायच्या, हा तोट्याचा सौदा आहे.

इथे टायरवाले म्हणतील, दोन हजार गोळ्यांची दारू, टोप्या आणि गोळ्या नळीपेक्षा महाग पडतात, प्रवास आणि प्रवेश शुल्क वेगळेच. मग नळीचा बाऊ कशाला? पैशापुरते हे मला मान्य आहे. पण नवा टायर बसवला की गाडी त्याच दिवशी रस्त्यावर येते. नव्या नळीचे तसे नसते. सुरुवातीच्या शंभरेक गोळ्यांत तिचा वेग चढत जातो, मग दारूचे माप आणि गोळी बसवण्याची खोली नव्याने शोधावी लागते. शेवटच्या दोनेकशे गोळ्यांत प्रत्येक चुकीवर संशय: वारा चुकला की नळी गेली? सुरुवातीच्या दीडशे आणि शेवटच्या दोनशे वजा केल्या तर बाराशेतून उरतात साडेआठशे. साडेचार हजारांतून चार हजारांवर. वारा वाचणे अंगवळणी पडते ते विश्वासाच्या गोळ्यांवर. चूक कोणाची हे कळेनासे झाले की सराव वाया जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एफ-क्लासच्या एफ-ओपन प्रकारात, जिथे ८ मिमीपर्यंतचे कोणतेही काडतूस चालते, तिथे विजेते दमदार काडतुसेच वापरतात. खरे आहे, आणि वारा वाचण्यात मुरलेल्याने अंतिम फेरीसाठी तशी नळी राखून ठेवावी, याला माझी हरकत नाही. पण याच प्रकाराचा इतिहास वेगवाल्यांविरुद्ध साक्ष देतो. ६.५-२८४ ला मागे सारून पुढे आले ते .२८४ विंचेस्टर आणि त्याचे भाऊबंद: दारू साधारण तेवढीच, भोक रुंद, गोळी जड. वाऱ्यातही सरस आणि आयुष्यानेही मोठे. शिवाय एफ-क्लासचाच दुसरा प्रकार एफ-टीआर आणि बिझ्लेच्या टार्गेट रायफल या प्रकारांत नियमच .३०८ आणि .२२३ यांपलीकडे जाऊ देत नाहीत. तरीही बिझ्लेच्या किंग्ज प्राइझची अंतिम फेरी ९०० आणि १००० यार्डांवर प्रत्येकी पंधरा गोळ्यांनी निकाली निघते आणि एकालाच खुर्चीत बसवून मिरवत नेतात. काडतूस सगळ्यांचे सारखे असते, तेव्हा उरलेला फरक माणसाचा असतो.

यावरून कोणी उलट टोक गाठू नये. नळी सर्वांत जास्त टिकते म्हणून ज्याने त्याने .३०८ च घ्यावी, असेही मी म्हणत नाही. नियमाचे बंधन नसेल तर तिचा धक्का आणि वाऱ्यातले सरकणे उगाच का सोसावे? ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ६ मिमी बीआर मानाने वापरले जाते, ते सौम्य धक्का, अचूकता आणि बऱ्यापैकी आयुष्य यांच्या जुळणीमुळे. आणि जुनी नळी ३०० यार्डांवर ठीक दिसते म्हणून १००० वर वापरत राहणे हाही तोटाच, कारण तिथे तिच्या गोळ्या खालीवर विखुरू लागतात.

तेव्हा पहिली किंवा दुसरी रायफल घेणाऱ्याने दुकानात शिरण्याआधी कागदावर दोन आकडे लिहावेत: वर्षात आपण किती गोळ्या झाडणार, आणि या काडतुसाची नळी त्यांतल्या किती विश्वासाने झाडू देणार. नळी हंगाम संपण्याआधीच थकणार असेल तर ते काडतूस अजून आपले नव्हे. पहिल्या गोळीपासून नळीची वही ठेवा, मधल्या ताकदीचे काडतूस घ्या, आणि वेगाचा मोह वारा वाचता येऊ लागेपर्यंत आवरा.