बंदूक जमा करा, पण ‘मनोविकल’चा शिक्का मारू नका

आमचे एक ज्येष्ठ सहकारी गावाबाहेरच्या वस्तीवर राहतात. फौजेतून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांच्या घरावर हल्ला झाला, ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, काका फिर्यादी झाले. जिवाला धोका आहे म्हणून अनेक चकरा मारल्यावर त्यांना बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना मिळाला. पुढे खटला रखडला, धमक्या मात्र थांबल्या नाहीत. काकांची झोप उडाली. रात्र रात्र ओट्यावर बसून राहायचे. शेवटी मुलीने त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस जरा सावरू लागला.

तेवढ्यात आरोपींच्या भावकीतून एक अर्ज गेला. ‘हा माणूस वेड्याच्या गोळ्या खातो, याच्याकडे बंदूक आहे, गावाला धोका आहे.’ बंदूक जमा झाली. परवाना रद्द झाला. आदेशात कारण एका ओळीचे. कोणत्या डॉक्टरने तपासले? कोणीच नाही.

त्याच दिवशी काकांनी औषध सोडले. म्हणाले, “बंदुकीच्या नाही, डॉक्टरच्या गोळ्यांनी माझा घात केला.”

मित्रांनो, या एका वाक्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १४ नुसार अर्जदार मनोविकल आहे असे मानण्यास कारण असेल, तर परवाना नाकारता येतो. कलम १७ नुसार त्याच कारणावरून दिलेला परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहे, आयुक्तालय असलेल्या मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तांना. अट एकच, त्या अधिकाऱ्याचे ‘समाधान’ झाले पाहिजे. डॉक्टरांचे मत घेतलेच पाहिजे, असे या कलमात लिहिलेले नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना मागताना मानसिक व शारीरिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणजे परवाना देताना डॉक्टर लागतो, काढून घेताना लागत नाही!

आता दुसरा कायदा पाहा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम ३. एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल ठरत नाही, तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज त्याला आजारी ठरवता येत नाही. आणि हा कायदा इतर कायद्यांतील विसंगत तरतुदींवर मात करतो, असे त्याच्याच कलम १२० मध्ये म्हटले आहे.

संविधानाचे अनुच्छेद १०२ ही तेच तत्त्व सांगते. खासदार मनोविकल म्हणून अपात्र ठरायचा असेल, तर सक्षम न्यायालयाची घोषणा लागते. संसदेत बसणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते वस्तीवरच्या फिर्यादीला का नसावे?

बंदूक जमा करण्याला आमचा विरोध नाही

इथे आमच्याच काही कार्यकर्त्यांशी आमचा वाद आहे. ते म्हणतात, काकांची बंदूक ताबडतोब परत मिळाली पाहिजे. आम्ही तसे म्हणत नाही. खोल नैराश्यात असलेल्या, झोप उडालेल्या माणसाच्या उशाशी भरलेली बंदूक असणे हा सर्वात आधी त्याच्याच जिवाला धोका आहे. मरणाचा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी हाताशी बंदूक नसेल तर माणूस वाचू शकतो, असेल तर चूक सुधारायची संधी उरत नाही. दारू पिऊन बायकोवर बंदूक रोखणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. तो आपल्या समाजाचा असला तरी त्याची बंदूक गेलीच पाहिजे. आणि त्याच घरात मुलाच्या किंवा भावाच्या नावावरची दुसरी बंदूक कपाटात राहिली, तर पहिली जमा करून काय मिळवले?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. धोका दिसला की बंदूक काढण्यात घाई करा, माणसावर शिक्का मारण्यात करू नका. पहिल्या कामासाठी कायद्यात निलंबनाची सोय आहेच. निलंबन आणि रद्द यांतला फरक आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. कलम २१ प्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. परवाना रद्द झाला तर ठरलेल्या मुदतीत ती हक्कदार व्यक्तीला विकता येते, नाहीतर ती सरकारजमा होऊ शकते. निलंबनाच्या काळात मात्र ती सरकारजमा करता येत नाही. म्हणजे निलंबनात परतीची वाट आहे. मग आजारी माणसाला थेट रद्दचा आदेश कशासाठी?

तो शिक्का फक्त बंदुकीपुरता राहत नाही. उद्या काका साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहतील तेव्हा आरोपीचा वकील तोच कागद पुढे करील. ‘सरकारच म्हणते हा मनोविकल आहे, याच्या साक्षीवर काय विश्वास ठेवायचा?’ अर्ज करणाऱ्यांना बंदुकीची भीती नव्हती. त्यांना साक्ष मारायची होती.

यात जात कुठे आली?

काही वाचक हा प्रश्न विचारतीलच. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या ग्रंथात मांडले आहे की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र धरू दिले नाही, म्हणून ते बंड करू शकले नाहीत. शस्त्र कोणाच्या हाती, हा प्रश्न या देशात कधीच जातीपासून वेगळा नव्हता. बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे १ डिसेंबर १९९७ रोजी रणवीर सेनेने ५८ दलितांची हत्या केली. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सर्व २६ आरोपींना निर्दोष सोडले.

म्हणूनच ॲट्रॉसिटी कायद्याखालील १९९५ च्या नियमांतला नियम ३ महत्त्वाचा आहे. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात, गरज वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तींचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करता येतात. बेकायदा शस्त्रे जप्त करायची असतात. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने देता येतात. शस्त्र अधिनियमही सांगतो की, केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येणार नाही.

काकांच्या गावात काय झाले? ज्यांच्यावर गुन्हा होता त्यांच्या भिंतीवरची बंदूक भिंतीवरच राहिली. हल्ल्याने ज्याची झोप गेली त्याची बंदूक गेली. आधी जखम द्यायची, मग जखमेलाच अपात्रता ठरवायचे. याला आम्ही जात म्हणतो.

आमच्या मागण्या

१. मानसिक आरोग्याच्या कारणावरून कारवाई करायची असेल तर आधी निलंबन करावे आणि त्यानंतर ठराविक दिवसांत सरकारी मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. शेजाऱ्याचा अर्ज हा पुरावा नव्हे.

२. आदेशात ‘मनोविकल’ हा शब्द न्यायालयीन घोषणेशिवाय वापरू नये. ‘सध्या शस्त्र बाळगणे सुरक्षित नाही’ एवढे पुरेसे आहे.

३. फेरतपासणीची तारीख आदेशातच लिहावी. सहा महिन्यांनी डॉक्टर काय म्हणतात ते पाहून परवाना परत द्यावा किंवा निलंबन वाढवावे. कारण लेखी द्यावे.

४. परवान्यावर असलेल्या फिर्यादीचे शस्त्र जमा झाले, तर त्याच दिवसापासून त्याला पोलीस संरक्षण मिळावे. बंदूक घेतली म्हणून धोका संपत नाही.

५. अर्ज करणाऱ्या पक्षाकडे परवाने असतील तर नियम ३ खाली त्यांचाही आढावा त्याच वेळी घ्यावा.

ज्यांच्यावर असा आदेश निघाला आहे, त्यांनी घरी बसू नये. लेखी कारण मागा, तो तुमचा हक्क आहे. कलम १८ खाली अपील करा, त्याला ३० दिवसांची मुदत असते. आदेशाला २०१७ च्या कायद्यातील कलम ३ चा आधार देऊन आव्हान द्या. आणि आपल्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात एक साधा प्रश्न विचारावा: नियम ३ खाली आजवर किती परवाने दिले आणि किती रद्द केले?

बंदूक आमच्या मुक्तीचा मार्ग आहे, असे आम्ही कधीच मानले नाही. आमचा मार्ग बाबासाहेबांनी दिलेला कायद्याचा आहे. पण तोच कायदा आजारी फिर्यादीला वेडा ठरवायला वापरला जात असेल, तर गप्प बसणार नाही.

काकांना आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेलो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. अपीलही दाखल केले आहे. त्यात बंदूक परत मागितलेली नाही. तो एक शब्द तेवढा काढून टाकण्याची मागणी केली आहे.

जय भीम! जय संविधान!