दीड तासाचं नागपूर

"नागपूर-मुंबई आता फक्त दीड तास!" पक्ष कोणताही असो, विकासाच्या भाषणात हे वाक्य येतंच. समोरचे टाळ्या वाजवतात. मला एकच विचारायचंय, हा दीड तास कोणाचा?

तिकिटावर छापलेला वेळ असतो विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतचा. हवाई अंतर सातशे किलोमीटरही भरत नाही, सरळ उडालं तर तासाभराचं काम. बाकीचा वेळ जमिनीवर सरकण्यात आणि मुंबईच्या डोक्यावर घिरट्या घालण्यात जातो, कारण तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच चालते. म्हणजे दीड तास खोटा नाही. पण तो विमानाचा झाला.

आता माणसाचा मोजू. गडचिरोलीहून एसटीनं नागपूर, चार तास. (गडचिरोली शहरात अजून रेल्वे नाही, स्टेशन म्हणाल तर वडसा.) विमानतळावर दीड तास आधी हजर. उड्डाण दीड तास. बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, पुढे दक्षिण मुंबईपर्यंत ट्रॅफिकच्या मर्जीनं तास-दीड तास. नऊ तास झाले ना बाप्पा! सिरोंचाच्या माणसाला तर गडचिरोली गाठायलाच सुमारे दोनशे किलोमीटर. त्याला हैदराबाद जवळ.

आणि हे सगळं विमानाचं तिकीट परवडलं तर.

ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींना नाही परवडत. त्यांची फाईल मुंबईच्या एका कार्यालयात अडकली होती. एसटीनं नागपूर, तिथून विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर, चौदा तास. सकाळी उतरून स्टेशनवरच तोंड धुतलं, डबा खाल्ला, कार्यालयात गेले. साहेब मीटिंगला. दुपारी चारला कळलं की एक झेरॉक्स कमी आहे, पुढच्या आठवड्यात या. वय ६७.

समृद्धीचं सांगू नका. ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, रस्ता खरंच चांगला आहे, मी स्वतः गेलोय. आठ तास लागतात, पण स्वतःची गाडी आणि टोलचे पैसे असतील तर. गुरुजींकडे सायकल आहे.

माझं भांडण विमानाशी नाही, रस्त्याशी तर नाहीच. एका झेरॉक्ससाठी माणसानं हजार किलोमीटर जावंच का? १९५३ च्या नागपूर करारात लिहिलं होतं की सरकार ठरावीक काळ नागपुरात येऊन बसेल, वर्षातून एक अधिवेशन इथे होईल. २०२४ चं हिवाळी अधिवेशन सहा दिवसांत आटोपलं. मंत्री आले, दीड तासात आले, दीड तासात गेले. त्यांचा दीड तास अगदी खरा आहे.

येत्या अधिवेशनात आपल्या आमदाराला एवढंच विचारा: मुंबईला न जाता नागपुरातच सही होऊन निघतील अशा फाईली किती? यादी द्या. विमानाचं वेळापत्रक आम्ही मोबाईलवर बघतो.

गुरुजी सोमवारी परत निघालेत. स्लीपर, वेटिंग १७.