आलिशान मांडवातला बिनपगारी विद्यार्थी

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, आणि महाविद्यालयांच्या सत्रपरीक्षाही त्याच सुमारास येतात. इव्हेंट मॅनेजमेंट किंवा हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या मुलामुलींची ओढाताण इथूनच सुरू होते. उदयपूरचे राजवाडे, गोव्यातली पंचतारांकित रिसॉर्ट आणि मुंबईचे बीकेसी इथल्या अतिश्रीमंतांच्या समारंभांत गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात वॉकीटॉकी घेऊन धावणाऱ्यांत इंटर्न असतात. त्यांतल्या अनेकांना प्रवासखर्च, जेवण आणि शेवटी एक प्रमाणपत्र एवढेच मिळते. माझे म्हणणे सरळ आहे. हा विद्यार्थी तिथे शिकत असला तरी त्या समारंभाचे कामही करत असतो, आणि त्या कामाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे.

हे काम काय असते ते आधी नीट पाहिले पाहिजे. मार्च 2024 मध्ये जामनगरला अंबानी कुटुंबाचा विवाहपूर्व सोहळा झाला, तेव्हा तिथल्या विमानतळाला काही दिवस आंतरराष्ट्रीय उड्डाणांची मुभा द्यावी लागली. जुलैत मुंबईत लग्न लागले, तेव्हा बीकेसीतली वाहतूक चार दिवस वळवावी लागली. एवढा पसारा क्वचित असतो, पण प्रत्येक आलिशान लग्नात हीच घडी लहान प्रमाणावर बसवावी लागते. कोण येणार, कोणत्या विमानाने, जेवणात कांदा-लसूण चालतो का, हे पाहुण्यांना फोन करून विचारायचे आणि एक्सेलमध्ये भरायचे. त्यावरून हॉटेलची रूमिंग लिस्ट बनवायची, विमानाला उशीर झाला तर गाडीची वेळ बदलायची, पाहुणा पोचण्याआधी खोलीत वेलकम हॅम्पर ठेवला आहे ना ते पाहायचे, वधूबरोबर दिवसभर ‘शॅडो’ म्हणून राहायचे. हळद आटोपली की त्याच लॉनवर संगीतचा सेटअप उभा करायचा. समाजशास्त्रज्ञ रेचेल शर्मन यांनी अमेरिकेतल्या आलिशान हॉटेलांचा अभ्यास करून 2007 साली ‘क्लास ॲक्ट्स’ हे पुस्तक लिहिले. पाहुण्याला नावानिशी ओळखणे, त्याने मागण्याआधी त्याची गरज जाणणे आणि त्याच्यासाठी माणूस कायम हजर असणे, यालाच तिथे सेवा म्हणतात, असे त्यांनी दाखवले. यजमान मोठी रक्कम मोजतो ती याच तत्परतेसाठी. इंटर्नकडून ती फुकट घेतली जाते आणि यजमानाला विकली जाते.

यावर पहिला आक्षेप असा की, विद्यार्थी शिकायला येतो आणि अनुभव हाच त्याचा मोबदला. या क्षेत्रात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, हे मला मान्य आहे. हजार माणसांची व्यवस्था वर्गात बसून समजत नाही. पण शिकणे आणि राबणे यांतला फरक ओळखता येतो. ‘ब्लॅक स्वान’ या चित्रपटावर बिनपगारी काम केलेल्या इंटर्ननी अमेरिकेत दावा लावला. 2013 मध्ये न्यायालयाने त्यांना कर्मचारी ठरवले. 2015 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला, पण एक कसोटी घालून दिली: या व्यवहारात मुख्य फायदा कोणाचा? इंटर्नचे काम पगारी माणसाच्या कामाला पूरक आहे की त्याची जागा घेते, आणि इंटर्नशिप शैक्षणिक वेळापत्रकाशी जुळवून घेते का, हेही त्या कसोटीत पाहिले जाते. ती आपल्यावर बंधनकारक नाही, पण तिच्यातले प्रश्न आपल्यालाही विचारता येतील. पाहुण्यांचा दोनशेवा फोन इंटर्नला नवे काही शिकवत नाही. तो फोन त्याने केला नाही, तर कंपनीला दुसरा माणूस पगार देऊन बसवावा लागेल. आणि ऐन परीक्षेच्या आठवड्यात मुलाला परगावी लग्नावर पाठवणाऱ्या कंपनीने त्याच्या शिक्षणाचा दाखला देऊ नये.

आपल्या कायद्यात इंटर्नला धड जागा नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने ॲप्रेंटिस कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवाराला कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून वगळले आहे, पण त्याला निदान 1961 च्या त्या कायद्याचे विद्यावेतन तरी आहे. महाविद्यालयाच्या पत्रावर आलेल्या इंटर्नचा उल्लेख दोन्हीकडे नाही. मनात आणले तर कायद्याला हा माणूस दिसतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने प्रशिक्षणार्थीलाही कर्मचारी मानले आहे. मध्यरात्री संगीत संपल्यावर परतणाऱ्या विद्यार्थिनीला सुरक्षिततेसाठी कर्मचारी मानायचे आणि मोबदल्याच्या वेळी मात्र ती फक्त विद्यार्थिनी, हे न्याय्य नाही.

‘पटत नसेल तर येऊ नये, कोणी सक्ती केली आहे?’ असेही विचारले जाते. सक्ती आता अभ्यासक्रमानेच केली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंगचे श्रेयांक आले. तीस तासांच्या इंटर्नशिपला एक, या हिशेबाने चार श्रेयांकांसाठी 120 तास लागतात. त्यापुढचे तास शिक्षण म्हणून कुठेच मोजले जात नाहीत, मग ते काम नाही तर काय? शिवाय मोठे समारंभ करणाऱ्या कंपन्या लातूर-जळगावला नसतात. तिथल्या मुलीला मुंबईत खोली, डबा आणि लोकलचा पास यांचा खर्च घरून आणावा लागतो. ज्यांच्या घरी तो परवडतो तीच मुले टिकतात आणि पुढे ओळखींच्या बळावर नोकरीलाही लागतात. बिनपगारी इंटर्नशिप अशी गरीब घरच्या हुशार मुलांना दारातच अडवते. मला या प्रथेचे सर्वांत मोठे नुकसान हेच वाटते.

छोट्या कंपन्यांना हे परवडणार नाही आणि इंटर्नशिपच बंद होतील, ही भीती मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. इथे राज्याचाच एक आकडा हाताशी आहे. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला 10,000 रुपये ठरले. त्या दराने दहा इंटर्न महिनाभर घेतले तर खर्च एक लाख होतो. कोट्यवधींच्या समारंभात ही रक्कम जाणवणारही नाही. ती कंपनीने पदरमोड करून द्यावी असेही नाही. यजमानाला दिलेल्या कोटेशनमध्ये मनुष्यबळ, प्रवास, राहणे यांच्या ओळी असतातच, तिथे इंटर्नच्या विद्यावेतनाचीही एक ओळ वाढवता येते. इंटर्न फुकट मिळेनासे झाले तर त्यांची संख्या थोडी घटेल, हे खरे. पण जे घेतले जातील त्यांना शिकवण्याची काळजीही घेतली जाईल, कारण पैसे मोजून घेतलेल्या माणसाचा वेळ कोणी वाया घालवत नाही.

शेवटचा आक्षेप आपल्या मातीतला आहे. सत्यशोधकांनी साध्या विवाहाची रीत घालून दिली, गाडगेबाबांनी लग्नातल्या उधळपट्टीवर कोरडे ओढले. मग या डामडौलाच्या धंद्यातल्या मोबदल्याची चिंता कशाला? उधळपट्टीला माझाही विरोध आहे. पण समारंभ साधा असो की शाही, तिथे राबणाऱ्याची मजुरी बुडवायला आपल्या सुधारकांपैकी कोणीही मान्यता दिली नसती. कायदा बदलेपर्यंत विद्यापीठांनी थांबायचे कारण नाही. श्रेयांक त्यांच्या हातात आहेत. विद्यावेतन, कामाच्या तासांची लेखी नोंद, रात्री परतण्याची सोय आणि परीक्षेच्या काळात सुटी या अटी मान्य न करणाऱ्या कंपनीची इंटर्नशिप श्रेयांकासाठी ग्राह्य धरू नये. येत्या लग्नसराईआधी एका परिपत्रकाने हे करता येईल, आणि ते झालेच पाहिजे.