दह्याच्या वाटीपलीकडच्या मारियाबाई

मारिया ब्रान्यास मोरेरा या बाई 19 ऑगस्ट 2024 रोजी स्पेनमधल्या कातालोनियातील ओलोत गावी झोपेतच वारल्या, तेव्हा त्यांचे वय 117 वर्षे 168 दिवस होते. जानेवारी 2023 पासून जगातली सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती म्हणून त्यांची नोंद होती. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये त्यांच्या शरीराचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि वर्तमानपत्रांनी त्यातून एकच गोष्ट उचलली. बाई दिवसातून तीन वेळा दही खात. माझ्या वयाच्या मंडळींत त्यानंतर दह्याला बरे दिवस आले, त्याला माझी हरकत नाही. पण दह्याच्या या वाटीमागे जे झाकले गेले, ते पाहायला हवे असे मला वाटते.

हे आयुष्य कसले होते? जन्म 4 मार्च 1907 चा, आदल्या वर्षीच्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सान फ्रान्सिस्कोतला. वडील पत्रकार, नशीब काढायला आधी मेक्सिकोत आणि मग अमेरिकेत गेलेले. 1915 साली, ऐन महायुद्धात, कुटुंब स्पेनला परत निघाले. बोटीवरच वडील क्षयाने गेले आणि त्यांना समुद्राच्या स्वाधीन करावे लागले. त्याच प्रवासात खेळताना पडून आठ वर्षांच्या मारियाचा एक कान कायमचा गेला. 1931 साली, म्हणजे स्पेनमध्ये राजा जाऊन प्रजासत्ताक आले त्या वर्षी, एका डॉक्टरशी लग्न झाले. यादवी युद्धात त्या नवऱ्याच्या हाताखाली परिचारिकेचे काम करीत होत्या. मग फ्रँकोची सारी हुकूमशाही डोळ्यांसमोरून गेली. ती संपली आणि 1976 मध्ये वैधव्य आले. ते अठ्ठेचाळीस वर्षे पुरले! शंभरी ओलांडलेल्या आईला शहाऐंशी वर्षांच्या मुलाचा अपघाती मृत्यूही पाहावा लागला. आपल्याकडे चिरंजीवांच्या यादीत अश्वत्थामाही बसवला आहे, तो काही उगाच नव्हे.

शास्त्रज्ञांनी काय पाहिले तेही सांगतो. बार्सिलोनाच्या मानेल एस्तेयेर यांच्या चमूने बाईंच्या हयातीतच रक्त, लाळ, लघवी आणि विष्ठा यांचे नमुने घेतले. 'माझा अभ्यास करा' हा बाईंचाच आग्रह होता. पेशींवरून मोजलेले वय कागदावरच्या वयापेक्षा सुमारे तेवीस वर्षांनी कमी भरले. कोलेस्टेरॉलची स्थिती उत्तम, शरीरातला दाह कमी, आतड्यांतले जिवाणू तरुणाला शोभतील असे. आणि गुणसूत्रांच्या टोकाची टोपणे, जी झिजली की म्हातारपण आले असे आपण ऐकत आलो, ती मात्र पार झिजलेली. म्हणजे शरीर थकलेलेही होते आणि निरोगीही. बाकी, आनुवंशिकतेचा वाटा दह्याहून मोठा दिसतो, आणि एका व्यक्तीवरून नियम बांधू नका असे संशोधकांनीच बजावले आहे. ते कोण ऐकतो?

माझी उमेद बँकेत गेली. त्यामुळे शतायुषी माणूस दिसला की मला आधी खातेवही आठवते. तिथे याच विषयातली एक नामांकित गोष्ट आहे. फ्रान्समधल्या आर्ल गावच्या झान काल्माँ या बाईंनी 1965 साली, नव्वदाव्या वर्षी, आपले घर राफ्रे नावाच्या सत्तेचाळीस वर्षांच्या वकिलाला लिहून दिले. अट अशी की, बाई जगतील तोवर त्याने दरमहा अडीच हजार फ्रँक द्यायचे आणि मग घर त्याचे. वकिलाचा हिशेब कोणत्याही शाखाधिकाऱ्याने मंजूर केला असता. पण 1995 मध्ये वकीलच वारला, तोवर घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम देऊन. पुढचे हप्ते त्याच्या विधवेने भरले. बाई 1997 मध्ये गेल्या, 122 वर्षांच्या होऊन.

आज स्पेनचे सरकार त्या वकिलाच्या जागी आहे. 1900 साली तिथले सरासरी आयुर्मान पस्तिशीच्या आसपास होते. आता ते चौऱ्याऐंशीच्या जवळ पोचले आहे. आणि बाईमागे मुले जेमतेम 1.1. निवृत्तीचे वय 2027 पर्यंत 67 वर नेण्याचा कायदा 2011 सालीच झाला. पेन्शन महागाईशी बांधलेली आहे. अर्थमंत्र्यांना घाम फुटावा असाच हा ताळेबंद आहे, हे मी नाकारत नाही. फक्त म्हाताऱ्यांना 'बोजा' म्हणणाऱ्या अर्थशास्त्र्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की राफ्रेने ते घर नफ्यासाठी घेतले होते. पेन्शन हा तसला सौदा नव्हे.

आणि पैशाहून अवघड प्रश्न हातांचा आहे. मारियाबाई शेवटची वीसेक वर्षे ओलोतच्या वृद्धनिवासात राहिल्या. स्पेनने 2006 मध्ये कायदा करून परावलंबी माणसाची शुश्रूषा हा त्याचा हक्क मानला. खर्च केंद्र, प्रांत आणि लाभार्थी यांनी वाटून घ्यायचा. हक्क मिळाला, पण रांगा राहिल्या. शुश्रूषा करणाऱ्यांत लॅटिन अमेरिकेतून पोटासाठी आलेल्या बायका पुष्कळ, आणि पगार तुटपुंजा. दह्याचेच बोलायचे तर, ओलोतजवळच्या ला फाझेदा नावाच्या प्रसिद्ध डेअरीत मानसिक आजार असलेली, बाहेर कोणी कामाला न ठेवलेली माणसे दही बनवतात. 1982 मध्ये सहकारी संस्था म्हणून हा उद्योग सुरू झाला. दह्यावरच्या लेखांत त्याबद्दल मी तरी कुठे वाचले नाही.

एप्रिल 2020 मध्ये मारियाबाईंना त्याच वृद्धनिवासात कोविड झाला. एकशे तेराव्या वर्षी काही आठवडे खोलीत एकट्या राहून त्या बऱ्या झाल्या आणि जगभर त्यांचे फोटो झळकले. त्याच वसंतात स्पेनच्या वृद्धनिवासांत सुमारे वीस हजार माणसे मेली. निर्जंतुकीकरणाला गेलेल्या लष्कराला काही ठिकाणी म्हातारी माणसे तशीच सोडून दिलेली, काही तर अंथरुणात मेलेली सापडली. हे संरक्षणमंत्री बाईंनीच सांगितले. माद्रिद प्रांतात तर, फार परावलंबी असलेल्यांना रुग्णालयात पाठवू नये असे लेखी निकष निघाले होते. तिथे रुग्णालयाचे दार न पाहता वृद्धनिवासांतच मेलेल्यांचा आकडा 7291 सांगितला जातो. निकष परावलंबनाचा होता. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या 113 वर्षांच्या बाई माद्रिदमध्ये असत्या, तर त्यात कुठे बसल्या असत्या?

मेलेल्यांची मुले गेली काही वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढत आहेत. मार्च 2025 मध्ये स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीने या प्रकरणावरचा माहितीपट दाखवला. त्याचे नाव फक्त एक आकडा आहे, 7291.